ब्रेकवरून पाय उचलायला कोण शिकवणार?

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठरलेलं वाक्य दिसू लागतं, ‘चालकाचा ताबा सुटल्याने ट्रेलर उलटला.’ कधी जागा बोरघाट असते, कधी कसारा, कधी पनवेल-उरण रस्ता. वाक्य मात्र तेच. त्यापुढे वाहतूक किती तास खोळंबली, क्रेन केव्हा आली, हे लिहिलेलं असतं. ताबा सुटला म्हणजे नेमकं काय झालं, हे कुठेच नसतं. जणू ताबा ही खिशातली वस्तू होती आणि ड्रायव्हरने ती वाटेत कुठेतरी पाडली.

माझ्या घरात ट्रेलर चालवणारी माणसं आहेत. थोरल्या मामूंची सगळी उमर न्हावा शेवा बंदरातून कंटेनर वाहण्यात गेली. त्यामुळे हे वाक्य वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो तो असा : ताबा दिला होता का त्याला कधी कुणी?

आधी गाडी समजून घेऊ. इंजिन असलेल्या पुढच्या भागाला ड्रायव्हर मंडळी ‘घोडा’ म्हणतात. मागचा ट्रेलर घोड्याला किंग पिन नावाच्या एका जाड खिळीवर अडकवलेला असतो. या खिळीभोवती दोन्ही भाग वळू शकतात, म्हणूनच एवढी लांब गाडी वळणावरून जाते. पण हाच सांधा घातकही ठरतो. जोरात ब्रेक मारल्यावर ट्रेलरची चाकं जाम झाली, तर मागचा भाग बाजूला सरकू लागतो आणि शेजारच्या लेनमध्ये झाडूसारखा फिरतो. घोड्याची मागची चाकं जाम झाली, तर ट्रेलर पाठीमागून ढकलत राहतो आणि घोडाच गर्रकन फिरतो. खिशातला चाकू मिटावा तशी गाडी मिटते. एकदा कोन वाढला की जगातला कुठलाही उस्ताद ती सरळ करू शकत नाही.

यामागचं कारण साधं आहे. फिरणारं चाक आपली दिशा धरून ठेवतं. जाम झालेलं चाक दिशा विसरतं, ओल्या फरशीवरच्या साबणाच्या वडीसारखं वाट मिळेल तिकडे जातं. म्हणजे घसरणारा ट्रेलर सावरायचा तर चाक पुन्हा फिरलं पाहिजे. आणि चाक फिरायचं तर ब्रेकवरचा पाय उचलला पाहिजे.

इथेच सगळं अडतं. समोर गाडी थांबलेली, रस्ता ओला, आरशात आपलाच ट्रेलर शेजारी येताना दिसतोय, अशा वेळी माणसाचं अख्खं शरीर एकच सांगतं : दाब, अजून दाब. आणि बरोबर उत्तर याच्या उलट आहे. पाय उचल, स्टेअरिंगला हिसका देऊ नकोस, चाकांना पकड येऊ दे. पकड आली की ट्रेलर घोड्यामागे सरळ होऊ लागतो. मग पुन्हा ब्रेक, पण हलका. एवढं सगळं दोन-तीन सेकंदांत करायचं असतं. उपजत बुद्धी इथे कामाची नाही. तीच तर बुडवते.

त्यात आणखी एक गैरसमज आहे. ट्रेलरचा वेगळा हातब्रेक ओढला की मागचा भाग ताणला जातो आणि गाडी सरळ होते, असं अनेक जण छातीठोक सांगतात. ट्रेलर घोड्याला ढकलत असेल, तेव्हा मागून हलका ब्रेक लागल्याने ताण येतो हे खरं. पण जो ट्रेलर स्वतःच्याच जाम चाकांवर घसरतोय, त्याचा ब्रेक आणखी ओढणं म्हणजे आगीवर रॉकेल. अमेरिकेत मोठ्या गाडीच्या परवान्यासाठी जे पुस्तक वाचावं लागतं, त्यात हा हातब्रेक वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. आरशात पाहा, ब्रेक सोडा, हेही तिथेच आहे. हे ज्ञान जुनं आहे, गुपित नाही. आपल्या ड्रायव्हरपर्यंत तेवढं पोचलेलं नाही.

पोचणार कसं? आपल्याकडे ट्रेलर चालवणं शिकवतो तो उस्ताद. पोरगा क्लीनर म्हणून चढतो, गाडी धुतो, चहा आणतो, रात्री रिकाम्या रस्त्यावर स्टेअरिंग हातात घेतो. या परंपरेबद्दल माझ्या मनात आदर आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, न्यूट्रल करू नकोस, हे शहाणपण तिनेच जपलं. पण घसरण ही गोष्ट उस्ताद भर रस्त्यावर दाखवू शकत नाही. आणि ज्याने स्वतः चुकीचं शिकलंय, तो तेच पुढे देतो. त्यासाठी बंद मैदान लागतं, ओला केलेला ट्रॅक लागतो, मुद्दाम घसरवलेली गाडी लागते. नॉर्वेत साध्या कारच्या परवान्यासाठीही घसरड्या ट्रॅकवरचा सराव सक्तीचा आहे. आपण पंचावन्न टनांच्या गाडीची किल्ली देतो आणि वर म्हणतो, संभाळून जा.

मामूंची एक गोष्ट मला फार उशिरा समजली. त्यांना भरल्या गाडीपेक्षा रिकाम्या गाडीची भीती जास्त वाटायची. मला वाटायचं, हलकी गाडी तर सोपी. तसं नाही. ब्रेक भरलेल्या वजनाच्या हिशेबाने बनवलेले असतात. भरलेला चाळीस फुटी कंटेनर तीस टनांपर्यंत जातो, रिकामा चार टनांच्याही आत. मग त्याच ब्रेकवर रिकाम्या ट्रेलरची चाकं चटकन जाम होतात. त्यात पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र होऊन चिकचिकाट झालेला. बंदरात आणि यार्डात रिकामे डबे पोचवायची घाई तर रोजचीच.

आणि चाकांवर टायर कुठले असतात? घोड्यावर झिजलेले किंवा रिमोल्ड केलेले टायर ट्रेलरला लागतात, हे मी मामूंच्या गाडीवरच पाहिलंय. मालकाचा हिशेब असा की ट्रेलरला इंजिन नाही, तो नुसता ओढला जातो, त्यावर खर्च कशाला? ट्रेलरच्या ब्रेकची सेटिंग वेळेवर होत नाही. एका बाजूचा ब्रेक आधी धरतो, दुसऱ्या बाजूचा नंतर. चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा अमेरिकेत १९९८ पासून नव्या ट्रेलरवरही सक्तीची आहे. आपल्याकडे नव्या घोड्यांना ती असते, पण त्यामागे अनेकदा वर्षानुवर्षांचा जुना ट्रेलर जोडलेला असतो. ताबा सुटला असं लिहिताना यातलं काहीच मोजलं जात नाही.

२०२४ च्या जानेवारीत ड्रायव्हरांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा दोन दिवस सगळ्यांना ट्रकवाले आठवले. वाद होता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) चा. अपघातात मृत्यू घडवून, न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. ते पोटकलम पुढे स्थगित ठेवलं गेलं. पळून जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. रस्त्यावर मेलेल्या माणसालाही घर असतं. पण त्या सगळ्या गदारोळात शिक्षा किती यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या चौथाई तरी शिकवणार कोण यावर बोललं गेलं का? मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. ट्रिपवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला हे आकडे सांगून पाहा, तो हसेल. थकलेल्या माणसाचा पाय तर ब्रेकवर आणखी उशिरा पडतो आणि आणखी जोरात.

अपघातानंतर रस्त्यावरच्या टायरच्या काळ्या खुणा मोजतात. लांब खूण दिसली की लोक म्हणतात, बिचाऱ्याने प्रयत्न तरी केला. खूण नसेल तर म्हणतात, ब्रेकच मारला नाही. म्हणजे ज्याने योग्य क्षणी पाय उचलला, तोच आपल्या नजरेत बेफिकीर ठरू शकतो. आपली समजही त्या घाबरलेल्या पायाइतकीच कच्ची आहे.

मागण्या फार मोठ्या नाहीत. ट्रेलर चालवण्याचा परवाना देण्याआधी ओल्या मैदानावर, रिकाम्या ट्रेलरसह, कमी वेगात घसरण आवरण्याचा सराव. बंदराच्या आणि यार्डाच्या गेटवर कागदांसोबत ट्रेलरचे टायर आणि ब्रेक पाहणारा माणूस. आणि प्रत्येक अपघाताच्या नोंदीत तीन रकाने : ट्रेलर भरलेला की रिकामा, टायर कसे होते, ड्रायव्हर किती तासांपासून जागा होता. हे रकाने भरले जाऊ लागले, तर ‘ताबा सुटला’ या वाक्यात ड्रायव्हरशिवाय आणखी काही नावं लिहावी लागतील. मला वाटतं, रकाने रिकामे राहण्याचं कारणही तेच आहे.