गाडी विजेवर आली, पण डीपीचे काय?

विजेवर चालणारी गाडी आता शहरापुरती राहिलेली नाही. दूध घालायला, बाजाराला जायला गावोगावी इलेक्ट्रिक स्कूटर दिसू लागल्या आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये या वाहनांसाठी धोरण आणले. २९ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले. खरेदीला सवलत, करात माफी, राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय, असे त्यात आहे. पेट्रोलचा खर्च वाचतो म्हटल्यावर लोक या धोरणाला पाठिंबा देणारच. आमचाही विरोध नाही.

प्रश्न आहे तो गावठाणातल्या डीपीचा. हिशेब सोपा आहे. घरी चार्जिंगला लावलेली स्कूटर साधारण पाऊण किलोवॅट वीज ओढते. पाच एचपीची मोटार ओढते पावणेचार किलोवॅट. म्हणजे एका वेळी दहा स्कूटर लागल्या, की डीपीवर पाच एचपीच्या दोन मोटारी वाढल्या असे समजा. चारचाकी गाडी तर एकटीच जवळजवळ एका मोटारीएवढा भार टाकते.

आणि या गाड्या लागतात कधी? संध्याकाळी सात-आठला, सगळे घरी आल्यावर. त्याच वेळी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर चालू असतात. सूर्य मावळलेला, म्हणजे सौर वीजही नाही. आधीच भरलेल्या डीपीवर हा भार पडला आणि ती जळाली, तर अंधार गाडीवाल्याच्याच घरात होत नाही. गिरणी बंद, नळयोजना बंद, पोरांचा अभ्यास बंद.

तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवकांनी डीपी जळायची वाट पाहू नये. कोणत्या डीपीवर किती गाड्या आहेत, याची यादी वायरमनला बरोबर घेऊन आजच करावी. भार जास्त भरला तर ग्रामसभेचा ठराव करून महावितरणकडे क्षमतावाढीची लेखी मागणी करावी, पोच घ्यावी. गाडीवाल्यांनी आपल्या मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यावा. जमेल त्याने गाडी दिवसा चार्ज करावी, नाहीतर रात्री निजानीज झाल्यावर.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ आहे, म्हणून पंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका. एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर आहे. त्याची आकारणी अंगावर येते.

धोरण मुंबईत ठरते, डीपी मात्र आपल्या वेशीत उभी आहे. तिची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.