कूस पालटण्याचे शास्त्र

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी झांज घेऊन उजव्या अंगाला उभे राहणारे एक गृहस्थ आहेत. १९५६ साली भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा त्यांचे वडील सचिवालयाबरोबर नागपूरहून इकडे आले आणि हे कुटुंब तात्या टोपे नगरचे झाले. आरती चुकविणे हे त्या घराला ठाऊकच नाही. असे असता गेल्या वर्षी दहाही दिवस त्यांची जागा रिकामी राहिली. चौकशी केली की घरून एकच उत्तर मिळे, 'प्रकृती बरी नसते.'

अखेरीस एका संध्याकाळी आम्हीच त्यांच्याकडे गेलो. ते आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. चहाचा पेला पुढे ठेवीत वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यापासून काय लपवायचे? ऑपरेशन झाले, जीव वाचला. पण पोटाला पिशवी लागली. आता देवाजवळ जात नाहीत, पंगतीला बसत नाहीत. मला म्हणतात, माझे ताटसुद्धा वेगळे ठेव."

मोठ्या आतड्याच्या जुनाट विकारामुळे शस्त्रवैद्यांनी ते आतडे काढून टाकले होते आणि लहान आतड्याचे टोक पोटावर आणून तेथे मलमार्ग केला होता. या मार्गाच्या तोंडास स्टोमा म्हणतात. ते ओठांच्या आतल्या बाजूसारखे लाल व ओलसर असते. त्याला स्पर्शाची वेदना नसते. त्यावर चिकटपट्टीची चकती आणि चकतीवर पिशवी बसवावयाची असते. यांची पिशवी मात्र टिकत नव्हती. ती वारंवार गळे, भोवतालची कातडी सोलवटून निघाली होती आणि रात्रीची झोप गेली होती. दोघांनीही हे आजाराचेच भोग म्हणून स्वीकारले होते.

आमच्या ओळखीच्या एका परिचारिकाबाईंना आम्ही त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी हात धुतले, पिशवी काढली आणि पर्समधून मापाची पट्टी काढून स्टोमा मोजला. दोष पाच मिनिटांत उमगला. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो व पुढे सहा ते आठ आठवडे तो आक्रसत जातो. वहिनी मात्र चकतीचे भोक रुग्णालयात सांगितलेल्या पहिल्या मापानेच कापीत होत्या. मधली कातडी उघडी राही आणि पाचकरस तिला जाळीत असे. भोक स्टोमापेक्षा एक-दोन मिलिमीटरच मोठे हवे. नव्या मापाची चकती लावल्यावर काही दिवसांत कातडी भरून आली आणि पिशवी टिकू लागली. सारा फरक काही मिलिमीटरांचा होता!

हे ज्ञान आले कोठून, याचा शोध घेताना आमच्या एक गोष्ट ध्यानी आली. जखम, पिशवी आणि मलमूत्रावरील ताबा या तीन विषयांतील पुष्कळसे शहाणपण रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या बायकांनी मिळविलेले आहे. १९५४ साली डेन्मार्कमध्ये थोरा नावाच्या स्त्रीवर अशीच शस्त्रक्रिया झाली आणि पिशवी गळेल या भीतीने तिने घराबाहेर पडणे सोडले. तिची बहीण एलिसे सोरेन्सन परिचारिका होती. कातडीला चिकटणारी आणि वापरून टाकून देता येणारी पिशवी हवी, ही कल्पना तिची. प्लास्टिकचा कारखाना असलेल्या एका अभियंत्याने ती पिशवी प्रत्यक्षात आणली. तीही त्याच्या पत्नीने भरीस घातल्यावर, आणि ही पत्नीही परिचारिकाच होती. अमेरिकेत नॉर्मा गिल या स्वतः पिशवी बाळगणाऱ्या बाई. १९५८ साली क्लीव्हलँड येथील शल्यविशारद डॉ. टर्नबुल यांनी त्यांना इतर रुग्णांना शिकविण्याच्या कामी नेमले आणि १९६१ साली तेथे या विद्येची शाळाच सुरू झाली. आपल्याकडे मुंबईस ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९७५ पासून अशा रुग्णांना आधार देत आली आहे, आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय या शुश्रूषेचे खास शिक्षण परिचारिकांना देते.

पिशवीचा प्रसंग थोड्या घरांत येतो. अंथरुणाला खिळलेले माणूस मात्र आज ना उद्या बहुतेक घरांत असतेच. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर वर्षानुवर्षांचे आजारपण म्हणजे काय, हे तर भोपाळकरांस कोणी सांगावयास नको. डॉक्टर येऊन जातो. आजार घरातच राहतो. अशा घरात पाठीला जखम झाली की 'वयच झाले, आता असे व्हायचेच' म्हणून सोडून देण्याची रीत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच आपल्या पुस्तकात उलट सांगून ठेवले होते, की अशी जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो.

हे विधान पारखून पाहण्याचे काम डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने केले. रुग्णालयांतून त्या काळी म्हाताऱ्यांच्या पाठीला स्पिरिट, तेले, मलमे, नाना पदार्थ चोळीत असत. नॉर्टनबाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांची नोंद ठेवली आणि १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोळण्यापेक्षा दाब काढणे, म्हणजे ठराविक वेळाने कूस पालटणे, हेच खरे औषध ठरले. कोणास धोका अधिक हे ओळखण्यासाठी त्यांनी दिलेली गुणपत्रिका घरातही वापरता येईल. शरीराची स्थिती, मनाची जाग, चालणे-फिरणे, अंथरुणात हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यावयाचे. बेरीज वीसपैकी चौदा किंवा कमी आली तर सावध व्हावयाचे.

सावध होणे म्हणजे काय? दर दोन तासांनी कूस पालटावी. अगदी कुशीवर न निजवता पाठीशी उशी देऊन किंचित कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी राहू द्याव्यात. माकडहाड, कंबरेची हाडे, टाचा रोज उजेडात पाहाव्यात. लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती फिकी होईना, तर जखमेची सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे हाताला ऊन किंवा घट्ट लागते काय ते पाहावे. त्या जागी चोळू नये, आणि मध्ये भोक असलेली हवेची रिंगही देऊ नये. तिच्या कडेचा दाब रक्तप्रवाह अडवितो.

जखम उघडी ठेवली, हवा लागली, खपली धरली की बरी होते, ही आणखी एक ठाम समजूत. त्याच १९६२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखविले, की झाकलेल्या व ओलसर राखलेल्या जखमेवर नवी कातडी खपलीखालच्यापेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते. तो ओलावा स्वस्तात कसा राखावा, याचे एक उत्तर आपल्याच पंगतीतले आहे. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी वरवर भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी वापरली. तिचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना रुग्ण ओरडत नाही. अंगणातले पान तोडून मात्र कोणी लावू नये. निर्जंतुक करणे हे त्यातले निम्मे काम आहे. हळद, राख, टूथपेस्ट यांचेही तेच.

तिसऱ्या विषयाबद्दल तर आपल्या घरांत कोणी ब्रही काढीत नाही. खोकताना, हसताना लघवी सुटते म्हणून लग्नाला न जाणाऱ्या, रेल्वेप्रवासात घोटभर पाणीही न पिणाऱ्या किती काकू-मावश्या आमच्या ओळखीत असतील, कोण जाणे! पाणी तोडल्याने लघवी दाट होते व त्रास वाढतोच. डॉ. केगल यांनी १९४८ साली सांगितलेला ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम आज जगभर शिकविला जातो. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच, श्वास न कोंडता, एका वेळी आठदा आवळावेत आणि सोडावेत. असे दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. ज्यांचा त्रास याने जात नाही त्यांनी डॉक्टरकडे जावे. पण 'बायकांचे असेच असते' म्हणून गप्प बसू नये.

या सर्वांत औषधांपेक्षा मोजणे, पाहणे, नोंद ठेवणे आणि बोलणेच अधिक आहे. तरीही परिचारिकेचे काम आपण 'हलके' मानतो आणि आपल्या मुलींनी त्यात पडावे असे क्वचितच म्हणतो. २०१२ साली अध्यापन सुरू झालेल्या भोपाळच्या एम्समध्ये परिचर्या महाविद्यालय आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी रात्री जागविणाऱ्या पालकांनी एकदा त्या वाटेकडेही पाहावे.

राहता राहिला देवाजवळ जाण्याचा प्रश्न. तो वहिनींनीच सोडविला. एके दिवशी त्या यजमानांस म्हणाल्या, "पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात जे असते, तेच तुमच्या पिशवीत आहे. त्यांना चालते तर तुम्हाला का चालू नये?" यंदा तिसऱ्या दिवशी ते आरतीला आले आणि दाराजवळ उभे राहिले. झांज त्यांनी घेतली नाही. पण प्रसादाच्या पंगतीत बसले, आणि वरणभात दुसऱ्यांदा मागून घेतला.

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आज त्यांची पाठ आणि टाचा उजेडात पाहा. आणि शेजारच्या घरातून 'प्रकृती बरी नसते' असे वरचेवर ऐकू येत असेल, तर एका संध्याकाळी जाऊन या. दोन घटका बसल्यावाचून खरे दुखणे कोणी सांगत नाही.