खाण्याजोगे म्हणजे जाळण्याजोगे नव्हे

सिगारेटच्या तंबाखूत वरून काय घालतात? साखर, कोको, ज्येष्ठमध, ग्लिसरीन. ‘हे सारे तुम्ही खाताच की, मग सिगारेटमध्येच त्याचे वावडे का?’ हा तंबाखू कंपन्यांचा जुना बचाव. १९९४ साली अमेरिकेतल्या पाच बड्या कंपन्यांनी अशा ५९९ पदार्थांची यादी सरकारपुढे ठेवली, तेव्हाही मदार याच युक्तिवादावर होती.

तो मुळातच कच्चा आहे. सिगारेट कोणी खात नाही. झुरका ओढताना तिचे टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. त्यामागच्या पट्ट्यात प्राणवायू फारसा उरत नाही. तिथे पदार्थ नुसत्या उष्णतेने फुटतात. साखरेतून फॉर्माल्डिहाइड निघते, ग्लिसरीनमधून अ‍ॅक्रोलीन. कढईतले तेल फाजील तापले की डोळ्यांना झोंबते, ते हेच अ‍ॅक्रोलीन.

‘आम्ही तपासून पाहिले आहे,’ हा पुढचा बचाव. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या बेकर आणि बिशप यांनी २००४ साली २९१ द्रव्यांचा अभ्यास मांडला. जवळजवळ दोन तृतीयांश द्रव्ये किमान ९५ टक्के न फुटता धुरात उतरतील, असा त्यांचा निष्कर्ष. मेन्थॉलसारख्या उडून जाणाऱ्या पदार्थांबाबत तो मान्य. पण साखर उडत नाही, फुटतेच. आणि वजनाने पाहिले तर सुगंधी द्रव्ये चिमूटभर, साखर भरपूर. शिवाय न फुटलेले मेन्थॉल घसा थंड करून धूर आत ओढणे सोपे करतेच.

फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीने ३३३ द्रव्यांची चाचणी करून २००२ साली निर्धोकतेचा निर्वाळा दिला. २०११ मध्ये इतर संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा मेख सापडली: विषे दर सिगारेटमागे न मोजता धुरातल्या एकूण कणांच्या वजनामागे मोजली होती. द्रव्ये घातल्यावर कणच वाढले होते. छेद फुगवला की भागाकार आटोपशीर दिसणारच!

म्हणून ‘काही न मिसळलेली’ सिगारेट निरुपद्रवी ठरते असे मात्र नाही. नुसता तंबाखू जाळला तरी निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड आणि बेन्झोपायरीन धुरात येतातच. व्हर्जिनिया तंबाखूत तर स्वतःची साखरही भरपूर असते.

तेव्हा कसोटी बदला. पदार्थ ताटात कसा वागतो हे न पाहता धुरात काय होतो ते पाहा, दर सिगारेटमागे मोजा, आणि सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर टाका. युरोपीय संघाने २०२० साली मेन्थॉल सिगारेटवर बंदी आणली. बाकीच्या मिसळीलाही अभय देण्याचे कारण नाही.