वेगवान विजेची स्कूटर घेताय?

घरात विजेवरची स्कूटर घ्यायचे ठरले की मुलगा विचारतो, “पळते किती?” वडील विचारतात, “एका चार्जिंगमध्ये जाते किती?” आणि आई विचारते, “पेट घेणार नाही ना?” तिन्ही प्रश्न रास्त आहेत. लाख-सव्वा लाख रुपये मोजायचे, तर तिघांचेही समाधान व्हायलाच हवे.

वेग किती हवा?
२०२३ मध्ये आलेल्या ओला एस-१ प्रोचा कमाल वेग ताशी १२० किलोमीटर सांगितला गेला. २०२४ च्या एथर ४५० एपेक्सचा १००, एथर ४५० एक्सचा ९०, तर त्याच वर्षाअखेरीस आलेल्या बजाज चेतकच्या ३५ मालिकेचा ७३. आकडे ऐकून मन पहिल्या गाडीकडे ओढ घेते. पण शहराच्या गर्दीत पन्नासच्या वर जायला मिळते कुठे? तिथे उपयोगी पडतो तो पिकअप आणि त्याहून अधिक ब्रेक. म्हणून चाचणी घेताना मागे कुणाला तरी बसवा, एखादा चढ चढा आणि उतारावर ब्रेक दाबून पाहा.

या गाड्यांना परवाना, नोंदणी आणि विमा लागतो. सूट आहे ती ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या, २५० वॅटच्या गाड्यांना. तेव्हा दहावी-बारावीतल्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नका.

पल्ल्याचे गणित
जाहिरातीतला पल्ला प्रयोगशाळेतला असतो. २०२२ च्या एथर ४५० एक्सचा प्रमाणित पल्ला १४६ किलोमीटर होता. रस्त्यावरचा पल्ला मात्र कंपनीनेच १०५ सांगितला. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणजे जोरात पळवाल तर पल्ला आणखी घटणार. रोजच्या फेऱ्यांच्या निदान दीडपट प्रत्यक्ष पल्ला असेल, तरच गाडी पसंत करा.

खर्चाची बाजू सुखावह आहे. ३.७ युनिटची बॅटरी भरायला थोडी वीज वाया जाऊन साधारण सव्वाचार युनिट लागतात. आठ रुपये दराने हे झाले चौतीस रुपये!

चार्जिंग कुठे करणार?
बहुतेक वेगवान गाड्यांची बॅटरी पक्की बसवलेली असते. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर आधी सोसायटीची परवानगी, पार्किंगमध्ये वेगळी जोडणी आणि व्यवस्थित अर्थिंग यांची सोय करा. ते जमणार नसेल, तर २०२२ च्या हीरो विडा व्ही-१ सारखी, बॅटरी काढून घरात नेता येणारी गाडी पाहा.

आईचा प्रश्न
२०२२ च्या उन्हाळ्यात काही गाड्यांनी पेट घेतला. त्यानंतर बॅटरीचे ‘एआयएस-१५६’ हे नियम कडक झाले. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. जुनी गाडी घेत असाल, तर ती त्यानंतर बनलेली आहे ना, हे जरूर पाहा. सोबत आलेलाच चार्जर वापरा आणि उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका.

वॉरंटीची वर्षे मोजून थांबू नका. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळेल, हे लेखी घ्या. आणि सर्व्हिस सेंटर गावात आहे की शंभर किलोमीटरवर, हेही विचारा. बंद पडलेली गाडी कितीही वेगवान असली, तरी ढकलतच न्यावी लागते!