पांघरूण की पिशवी?

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक मोरगावची आणि दुसरी सडकेची. नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरची ती सडक अर्जुनी, म्हणजे आमचे गाव. हिवाळ्यात येथे पारा पुष्कळदा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि विदर्भातील नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचे नाव वरचेवर झळकते. तेव्हा पांघरुणाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हां मंडळींना आहे, असे मी नम्रपणे समजतो.

विषय निघाला तो माझ्या पुतणीमुळे. ती पुण्यात नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी पाठीवर बोचके मारून सह्याद्री तुडवते, आणि येत्या डिसेंबरात उत्तराखंडातील केदारकंठ्याला जायचे म्हणते. शिखराची उंची सुमारे साडेबारा हजार फूट, आणि रात्री पारा शून्याखाली. "काका, पैसे एकाच वस्तूपुरते साठलेत. बदकाच्या पिसांची हलकी दुलई घेऊ, की स्लीपिंग बॅग?" असा तिचा प्रश्न. "घरातली रजई काय वाईट आहे?" असे वहिनी म्हणाल्या. रजई वाईट नाही. पण ती पाठीवर घेऊन डोंगर चढायचा म्हणजे गाढवाचे काम. पिसांची दुलई मात्र अर्ध्या-पाऊण किलोत भागते.

मुळात ऊब कापसात नसते आणि पिसांतही नसते. ती असते त्यांच्यात अडकून पडलेल्या हवेत. म्हणून तर जुनी, दबलेली गादी पिंजाऱ्याकडे गेली की त्याच कापसाची पुन्हा नवी ऊब होऊन येते. बदकाच्या किंवा हंसाच्या अंगावरची मऊ लव या कामात कापसाच्या फार पुढे आहे. उत्तम प्रतीच्या लवेवर ८०० असा आकडा असतो. त्याचा अर्थ असा, की एक औंस, म्हणजे अवघी २८ ग्रॅम लव फुलून ८०० घनइंच, म्हणजे सुमारे १३ लिटर जागा व्यापते.

आता गंमत पाहा. स्लीपिंग बॅगेत माणूस शिरला, की पाठीखालची पिसे त्याच्या वजनाने चिरडतात. हवा गेली, ऊब गेली. उरले ते नुसते ओझे. मग खालची बाजू हवीच कशाला? १९९०च्या दशकात अमेरिकेतील रे जार्डीन या भटक्याने पुस्तके लिहून हाच विचार मांडला, आणि पिशवीची पुन्हा दुलई झाली. पाठीला जमिनीचा गारवा लागू नये, हे काम खालच्या चटईकडे गेले.

आमच्या झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला हे सांगायला अमेरिकेतून कोणी यावे लागले नाही. धान कापून खळ्यावर आले की रात्री जागलीला जाणारा माणूस आधी तणसाचा हातभर थर पसरतो, मग त्यावर घोंगडी ओढून पडतो. तणसाच्या पोकळ काड्यांत हवा असते. पांघरूण पातळ असले तरी त्याचे भागते. तणस मात्र कमी पडून चालत नाही.

मग पुतणीने डोळे मिटून दुलई घ्यावी काय? सह्याद्रीसाठी खुशाल घ्यावी. तिथल्या हिवाळ्यात कुशीवर वळताना बाजूने थोडा वारा शिरला, तर फार तर झोपमोड होते. दुलई चटईला बांधायचे पट्टे मिळतात, डोक्याला कानटोपी आहेच. पावसाळ्यात मात्र पिसांच्या वाटेला जाऊ नये. ती भिजली की गोळा होतात आणि वाळता वाळत नाहीत. तिथे कृत्रिम धाग्यांचे पांघरूण बरे.

बर्फावर हिशेब निराळा. उणे आठ अंशांत रात्री दोन वाजता दुलई सरकली, तर तो झोपमोडीचा प्रश्न राहत नाही. शरीराचे तापमान उतरू लागते, आणि पुढची पायरी जिवावरची असते. तिथे डोक्यासकट चहूकडून बंद होणारी पिशवीच हवी. तिच्यावरचे आकडेही नीट वाचावेत. आयएसओ २३५३७ या मानकानुसार 'कम्फर्ट' हा आकडा साधारण स्त्रीला निवांत झोप लागेल असे तापमान सांगतो, आणि 'लिमिट' हा आकडा अंग आवळून झोपलेल्या साधारण पुरुषासाठी असतो. दुकानदार पुष्कळदा दुसराच आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात. मुलींनी आणि त्यांच्या वडिलांनी पहिला शोधावा. दुलईवरचा आकडा तर बहुधा कारखानदाराच्या स्वतःच्याच अंदाजाचा असतो.

म्हणून पुतणीला माझा सल्ला असा: बर्फ वर्षातून एकदा, सह्याद्री दहादा. तेव्हा विकत घ्यायची ती दुलई. ती एरवी घरच्या पलंगावरही चालेल, आणि वहिनींची रजई जागेवर राहील. फक्त ती ट्रंकेत कोंबून ठेवू नये, सैल ठेवावी. केदारकंठ्यासाठी स्लीपिंग बॅग भाड्याने घ्यावी. सहली नेणारे लोक ती बहुधा पुरवतात. निघण्यापूर्वी मात्र 'कम्फर्ट'चा आकडा त्यांना लेखी विचारावा. आत घालायचे धुतलेले सुती अस्तर आपले न्यावे, म्हणजे परक्या पिशवीची किळस वाटत नाही.

आणि दुलई घेऊन पैसे उरले, तर ते जाड चटईवर खर्चावेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत आले. त्या म्हणीत पांघरुणाचे नावही नाही, हे थंडीच्या दिवसांत ध्यानात ठेवण्याजोगे आहे.