करनियोजनाची ‘नाईट’ मारता येत नाही!

एकदाही ‘नाईट’ न मारलेला इंजिनीअर अजून जन्माला यायचाय! सेमिस्टरभर हुंदडायचं आणि पेपरच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या नोट्स चाळायच्या, ही आपली थोर परंपरा. पण ही परंपरा फक्त होस्टेलची नाही. आपली वडीलधारी मंडळीही दर मार्चमध्ये अशीच नाईट मारतात. विषय एकच – इन्कम टॅक्स.

माझं गाव कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. हा सगळा हळदीचा पट्टा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे ‘टॅक्स ही शहरातल्यांची भानगड’ असा गावाकडे समज. तो अर्धाच खरा आहे. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून विकली तर ते शेतीचंच उत्पन्न. पण तीच दळून, पाकिटं भरून विकली की त्यातली वरची कमाई धंद्याची झाली. शिवाय कृषी केंद्रवाले, हार्डवेअरवाले, मास्तर हे सगळे गावातच राहतात ना!

आधी पगारदारांचं बघू. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर पडत नाही. पगारदाराला ७५ हजारांची वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजार होते. त्यामुळे बरेच जण सुटले. तरीही फेब्रुवारी आला की काही जण घाईघाईने विम्याची पॉलिसी काढतात. नव्या पद्धतीत त्या पॉलिसीची वजावटच मिळत नाही! आणि जुन्या पद्धतीत मिळाली, तरी एका मार्चच्या भीतीपोटी पंधरा-वीस वर्षं हप्ते भरायचे? कोणती पद्धत परवडते याचं गणित ऑक्टोबरमध्ये केलं, तर पुढचे सहा महिने हातात असतात. फेब्रुवारीत फक्त घाबरणं हातात असतं.

आता दुकानदार. छोट्या धंद्याला विक्रीवर ठरावीक टक्के नफा धरून कर भरायची सोय आहे. रोख विक्रीवर ८ टक्के, बँकेतून किंवा क्यूआर कोडने आलेल्या पैशावर ६ टक्के. म्हणजे ३० लाखांच्या विक्रीवर धरायचा नफा २ लाख ४० हजार की १ लाख ८० हजार, हे गल्ल्यावरच्या त्या चौकोनी स्टिकरवर ठरतं. हा स्टिकर ३१ मार्चला लावून काय उपयोग? तो वर्षभर लागतो.

ज्याचा धंदा मोठा आहे आणि जो पूर्ण हिशोब ठेवतो, त्याला आगाऊ कराचे चार हप्ते आहेत. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १००. समजा वर्षाचा कर १ लाख आहे आणि सगळा १५ मार्चलाच भरला. पहिल्या तिन्ही हप्त्यांच्या तुटीवर महिन्याला १ टक्का, असं तीन-तीन महिन्यांचं व्याज लागतं. बेरीज ४,०५० रुपये. ही म्हणजे लेट सबमिशनची फाईनच की!

सगळ्यात मजेशीर भाग डेप्रिसिएशनचा. याला मराठीत ‘घसारा’ म्हणतात, हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्याला फार उशिरा कळलं. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. हळद दळायचं ४ लाखांचं यंत्र घ्या. १५ टक्के दराने घसारा ६० हजार, उशीर झाला तर ३० हजार. उरलेला पुढच्या वर्षांत मिळत जातो, पण यंदाचा कर यंदाच भरावा लागतो. उलटे दिवस मोजले तर शेवटची तारीख येते ३ ऑक्टोबर. आणि आपल्याकडे यंत्र घ्यायचा मुहूर्त कोणता? दसरा! २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, एक दिवस राखून जमलं. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला, म्हणजे घसारा अर्धा. आणि नुसतं विकत घेऊन चालत नाही, यंत्र चालू झालेलं लागतं. मुहूर्त जरूर पाळावा, पण कॅलेंडरची दुसरी बाजूही बघावी.

‘हे सगळं सीए बघतो’ असं कोणी म्हणेल. पण मार्चमध्ये बिलांची पिशवी नेऊन ओतली, तर तो तरी काय करणार? झालेला हिशोब तो मांडू शकतो, न झालेली गोष्ट घडवू शकत नाही. मग कोणीतरी खोट्या देणगीची पावती सुचवतं. अशाच खोट्या वजावटींसाठी जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. नियोजन आणि चोरी यात फरक आहे, आणि हा फरक बहुतेक वेळा घाईत पुसला जातो.

यात आपला काय संबंध? एज्युकेशन लोन मागायला गेलं की बँक आधी वडिलांचं रिटर्न मागते. घरच्या हिशोबाचा गोंधळ शेवटी आपल्याच फीपर्यंत येतो. आणि एक्सेल तर आपल्याला येतंच!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एप्रिल ते सप्टेंबर ही सहामाही संपली की पाठोपाठ दिवाळी येते. व्यापारी वहीपूजन करतातच. या सुट्टीत घरी गेलात की हळदकुंकू वाहिलेली ती वही एक तास उघडा आणि वडिलांशेजारी बसा. सहा महिन्यांची कमाई, खर्च, भरलेला कर लिहून काढा. मिड-सेम दिली की फायनलचं टेन्शन निम्मं होतं, हे आपल्याशिवाय कोणाला जास्त माहीत आहे?