सैल पिन आणि अनर्थदंड



घरातला जुना लॅपटॉप बहुधा आपल्याच वाट्याला येतो. मुलगा नोकरीला लागला की नवा घेतो, जुना आईकडे राहतो. त्यावर आपण प्रवचन ऐकतो, नातवंडांशी बोलतो, मंदिराचा जमाखर्च लिहितो. मग चार्जिंगची पिन सैल होते. वायर एका बाजूला दाबून धरली तरच दिवा लागतो. घरचे म्हणतात, "जुना झाला, आता टाकून द्या." आपणही "मला कुठं एवढं काम असतं" म्हणून गप्प बसतो. माझ्या मते एवढ्या कारणाने लॅपटॉप टाकणे हा अनर्थदंड आहे.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक प्रमादचर्या, म्हणजे कारण नसताना माती खणणे, पाणी वाया घालवणे, अग्नी पेटवणे, झाडे तोडणे. नव्या लॅपटॉपसाठी तांबे, लिथियम, कोबाल्ट खाणीतूनच निघते. ते शुद्ध करायला पाणी आणि आग लागते. गरज असेल तर श्रावकाला तेवढा आरंभ करावा लागतो. पण छोटा भाग बदलून काम भागत असताना केलेला आरंभ कशात मोजायचा?

हिशेबही पाहू. आयकरात संगणकावर दरवर्षी 40 टक्के घसारा मिळतो. 40,000 रुपयांचा लॅपटॉप पाच वर्षांनी वहीत सुमारे 3,110 रुपयांचा उरतो. पण वहीतली किंमत घटली म्हणून त्याचे काम घटत नाही. दुरुस्तीचा खर्च वहीतल्या किमतीशी नव्हे, नव्या लॅपटॉपच्या किमतीशी ताडून पाहावा.

दुकानात जाण्याआधी चार्जर तपासा. तितक्याच व्होल्टचा, तशाच पिनेचा दुसरा चार्जर लावून पाहा; कधी दोष वायरीतच असतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये चार्जिंगचा जॅक छोट्या वायरीसह सुटा असतो आणि तो सहज बदलता येतो. काहींत तो मदरबोर्डलाच सोल्डर केलेला असतो, तिथे कसबी हात लागतो. आमच्या सिद्धेश्वरहून औंढ्याला नाहीतर हिंगोलीला जावे लागते, म्हणून फोनवरच मॉडेल सांगून विचारून घ्यावे, "जॅक सुटा आहे की बोर्डवर?" पाहण्याआधीच "बोर्ड गेला, नवा घ्या" म्हणणाऱ्याकडे लॅपटॉप देऊ नये. देण्याआधी फोटो आणि हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावेत.

मात्र रबर बांधून, वायरीखाली घडी सरकवून दिवस काढणे ही काटकसर नव्हे. सैल जोडात ठिणगी पडते, जॅक तापतो, प्लास्टिक वितळते. आधी लवकर दुरुस्त केले तर जॅकवर भागते, उशीर केला तर बोर्डापर्यंत जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग तिथेच थांबवावे.

काही लॅपटॉप खरोखरच दुरुस्तीपलीकडे जातात. ते माळ्यावर साठवणे हाही परिग्रहच, आणि भंगारात देणे त्याहून वाईट, कारण तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. 2022 साली जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्याच्या पाव भागाचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रालाच द्यायचा असतो.

एकटीला हे जड जाते, म्हणून महिला मंडळाने दोन कामे हाती घ्यावीत. भरवशाच्या दुरुस्ती करणाऱ्यांची यादी मंदिरात लावावी, आणि पर्युषणाआधी घराघरांतले मेलेले मोबाइल, चार्जर, लॅपटॉप गोळा करून एकत्र पाठवावेत. घर झाडतोच आपण त्या दिवसांत. माळाही झाडून घेऊ.